कडीवरचा टॉवेल

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी अकरा. जागा: चाळीचा मधला ओटा. गणपती आदल्या दिवशीच गेले होते, मंडपाचं कापड सोडायचं राहिलं होतं, म्हणून सावली मिळाली.

हजर: खोली एकचे रिक्षावाले दादा आणि त्यांची बायको. खोली दोन ते पाच, प्रत्येकी एक माणूस. खोली सहा, म्हणजे मी आणि माझे मिस्टर. खोली सात. खोली आठची भाभी, चाळीत सगळ्यात नवीन. खोली दहा, अकरा. खोली बाराचे पहिल्या पाळीला गेलेले, त्यांची बायको आली. चाळमालक उशिरा आले आणि उभेच राहिले.

खोली नऊ: गैरहजर.

तो शब्द सवयीने लिहिला गेला आणि हात तिथेच थांबला. बैठक तिच्यासाठीच होती. ती जव्हारच्या पलीकडे, आईच्या घरी अंथरुणावर होती, आणि ती तिथे का होती हे ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

आमची चाळ बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. आधी इथे भातखाचरं होती. कारखाने आले तशी मालकांच्या वडिलांनी बांधावर सहा खोल्या काढल्या, मग समोर आणखी सहा. मध्ये जी जागा उरली तिची गल्ली झाली आणि गल्लीच्या मधोमध एक लांब ओटा. मी लग्न होऊन सफाळ्याकडून आले तेव्हा पत्रे नवे होते. खानदेशातले, तळकोकणातले, उत्तर प्रदेशातले, इथल्याच डोंगराकडचे, असे लोक येत गेले. काही मोठ्या घरांत गेले, काही गावी परतले. आम्ही राहिलो. माझे मिस्टर रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. सकाळ, दुपार, रात्र, अशी पाळी फिरते.

बारा खोल्यांत तीन पाळ्या म्हणजे दिवसातल्या कुठल्याही वेळेला कुणीतरी झोपलेलं असतंच. आमच्या चाळीतली सगळी जुनी भांडणं यावरूनच. मिक्सर लावला की भांडण, पोरांचा चेंडू दारावर आपटला की भांडण. नवापूरहून एक मावशी मासळी घेऊन येते. ती तेव्हा प्रत्येक दार बडवायची. एकदा खोली दहाचे तेव्हाचे भाडेकरू नाईट करून आले होते, डोळा लागतोय तोच तिची हाक. ते बनियनवर बाहेर आले आणि बादलीभर पाणी तिच्या पाटीवर ओतलं. मावशीने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले.

"मावऱ्याला पानी घालून काय करतोस रे? ते पान्यातनंच आलंय!"

अख्खी चाळ हसली. बादलीवालेही हसले आणि त्यांनी अर्धा किलो कोलंबी घेतली. पण झोप ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. कारखान्यात पेंगलेल्या माणसाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही, हे प्रत्येक घराला माहीत होतं.

टॉवेलची कल्पना कुणाची यावर चाळीत दोन मतं आहेत, मी त्यात पडत नाही. पद्धत अशी पडली की नाईट करून आलेल्याने दाराच्या बाहेरच्या कडीवर टॉवेल टाकायचा आणि आत झोपायचं. टॉवेल दिसला की दार वाजवायचं नाही. उठल्यावर टॉवेल काढायचा. इतकं साधं. पण सुरुवातीला टॉवेलचा अर्थ एवढाच नव्हता. ज्याच्या कडीवर टॉवेल, त्याचं पाणी शेजारणीने भरायचं, दूध आपल्या घरात घेऊन तापवायचं, शाळेतून आलेली पोरं जेवायला बसवायची आणि संध्याकाळी टॉवेल निघाला की नाही ते बघायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप व्हायचं. माझी दोन्ही मुलं अशी शेजारच्या ताटांत वाढली आहेत.

चाळीत काही करायचं असलं की माझ्याकडे येतात. पाण्याची पाळी मी लावते, गणपतीची कामं मी वाटते, गटार तुंबलं की मालकांना फोन मी करते. मला अर्धवट काम आवडत नाही. दोन वर्षांपूर्वी नवे भाडेकरू भराभर येऊ लागले तेव्हा प्रत्येकाला टॉवेल समजावून सांगायचा कंटाळा आला. मी म्हटलं, फलक लावू. रिक्षावाल्या दादांच्या ओळखीच्या पेंटरने पत्र्याचा एक तुकडा दिला, वहीच्या दोन पानांएवढा. मी मजकूर लिहून दिला होता, त्यात पाणी, दूध, पोरं, संध्याकाळचं बघणं, सगळं होतं. पेंटर म्हणाला, "ताई, एवढं बसणार नाय. एक ओळ द्या." मी पेन घेतला आणि उरलेलं उभ्या उभ्या कापून टाकलं. "कडीवर टॉवेल असताना दार वाजवू नये." लाल अक्षरं, पांढरा पत्रा. ओट्याच्या खांबावर लावला. सगळ्यांना आवडला. मलाही.

त्यानंतर आमची गल्ली खरंच शांत झाली. मावशीला मी कोपऱ्यावरच बसायला सांगितलं. ती म्हणाली, "मी काय मुकी हाय, बाय? बोंबील काय मनातल्या मनात इकू?" पण बसली. पलीकडच्या चाळीतले लोक चेष्टा करायचे, यांच्याकडे मांजरसुद्धा चपला काढून चालतं. आम्ही ती चेष्टा कौतुकासारखी घ्यायचो. पाहुण्यांना फलक दाखवायचो.

खोली नऊमध्ये गेल्या वर्षी ती आली. तिशीची असेल. माहेर जव्हारच्या पलीकडे डोंगरात, थोडं भात, थोडी नागली, तीही पावसावरची. नवरा नाही. ठेकेदाराकडून एका कंपनीत पॅकिंगला लागली होती आणि बहुतेक नाईटच करायची, कारण नाईटला बस कोपऱ्यापर्यंत येते. बोलायची कमी. मला "ताई" म्हणायची. टॉवेलची पद्धत तिच्याइतकी कुणीच पाळली नाही. सकाळी आली की हात-पाय धुवायची, टॉवेल कडीवर सारखा करायची, दार लावायची. यंदा तिला आवणीला, म्हणजे भातलावणीला, घरी जायचं होतं. ठेकेदाराने सुट्टी दिली नाही. "मी गेले नाय तर आय एकटीच चिखलात," एवढंच ती एकदा पाणी भरताना म्हणाली. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आधीच सांगून ठेव." सल्ला चांगला होता.

ऑगस्टच्या मध्यात एका शुक्रवारी सकाळी ती नाईट करून आली. टॉवेल कडीवर टाकला आणि दार लावलं. मी ओट्यावर मेथी निवडत होते. मी पाहिलं की टॉवेल टाकताना ती दाराला टेकली. झोप आली असेल, असं वाटलं.

संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर आली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, बस गेली. टॉवेल तसाच होता. खोली सातची म्हणाली, "आज दांडी वाटतं." मी म्हटलं, "झोपू दे बिचारीला." कळवळ्याने म्हटलं होतं.

शनिवारी पाण्याचा दिवस. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. दारापुढे प्रत्येकाचं पिंप, मी पाइप धरून एकेक भरत पुढे जाते. आठ भरलं. नऊचं पिंप उघडं, तळाला तांब्याभर पाणी. टॉवेल होता. तिला उठवायचं नाही, आणि तिचं पिंप तिने उठून घासल्याशिवाय भरलं तर तिला आवडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पाइप दहाला लावला. काम पुढे गेलं.

दुपारी आठची भाभी आली. तिला चाळीत येऊन आठवडा झाला नव्हता. तिचा नवरा वेल्डर, दोघं बिहारकडची. माझ्या दारात उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, "दीदी, नऊ नंबर में से आवाज़ आता है."

"कैसा आवाज़?"

"जैसे कोई... दीवार के पास कराहता है. मैंने दरवाज़ा खटखटाया, वो खोली नहीं."

मी बाहेर आले. ओट्यावर तिघी-चौघी बसल्या होत्या. भाभीने दार वाजवलं हे ऐकून त्या माझ्याकडे पाहू लागल्या. चाळीत ही गोष्ट कुणी करत नाही. मी भाभीला हाताला धरून खांबापाशी नेलं आणि फलक दाखवला. तिला मराठी वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून, हिंदीत समजावून सांगितलं. नाईट करणारी माणसं झोपेत बोलतात, कण्हतात, माझे मिस्टर तर मशीनला शिव्या देतात, हेही सांगितलं. ओट्यावरच्या हसल्या. भाभीही कसंनुसं हसली.

"पर दीदी, टॉवेल तो कल से वहीं है."

"तर मग डबल झोप घेतेय. तू नवीन आहेस, शिकशील."

हे माझे शब्द. आजही ते मला जसेच्या तसे ऐकू येतात, त्यातल्या समजूतदारपणासकट.

चार वाजण्याच्या सुमाराला भाभीने पुन्हा नियम मोडला. या वेळी दार वाजवलं नाही. खिडकीची एक फळी सैल होती, ती बाहेरून ढकलली आणि आत डोकावली. आणि किंचाळली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तिच्या किंचाळण्यावर आमच्या चाळीतून पहिला आवाज उठला तो "शूऽऽ" असा. एकाच वेळी चार-पाच दारांतून. त्यातला एक माझा होता. मी ओठांवर बोट ठेवूनच बाहेर आले.

दार आतून बंद होतं. रिक्षावाल्या दादांनी खांदा मारून ते उघडलं. ती भिंतीशी, चटईवर नव्हे, तिच्या बाजूला फरशीवर होती. अंग तापलेलं, डोळे उघडे, ओळख नाही. तांब्या उपडा. पाण्यासाठी सरकली असावी. दादांनी तिला उचललं तेव्हा भाभी रिक्षाच्या मागच्या सीटवर चढली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे दादांच्या शेजारी बसले. बोईसरच्या दवाखान्यातून त्यांनी थेट पालघरला पाठवलं. मलेरिया, डोक्यापर्यंत गेलेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "घरात कोण असतं?" मी म्हटलं, "एकटीच." ते म्हणाले, "आजूबाजूला?" मी केसपेपरची घडी घातली. "आदल्या दिवशी आणायला हवं होतं," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

ती जगली. हे आधीच सांगायला हवं होतं, पण मला ते सुटकेसारखं लिहायचं नव्हतं. पंधरवड्याभराने तिला घरी सोडलं. डावा हात नीट उचलत नाही, पायही ओढते. बोलताना मध्येच शब्द हरवतो. हळूहळू सुधारेल असं म्हणतात, किती ते कुणी सांगत नाही. पॅकिंगच्या जागेवर ठेकेदाराने दुसरी मुलगी घेतली.

पालघरच्या हॉस्पिटलात तिची आई आली होती. सकाळच्या एसटीने. बारीक अंगाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, पायांना आवणीतला चिखल वाळलेला. मी डबा नेला होता. आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो.

"तुमी शेजारी का?" तिने विचारलं.

"हो. चाळीत आहोत आम्ही."

"किती घरं हायत?"

"बारा."

तिने मान हलवली. रागावलेली नव्हती. मला वाटलं होतं ती रागावेल आणि मग मला काहीतरी बोलता येईल. मी टॉवेलची गोष्ट सांगू लागले, कारखाने, पाळ्या, झोपेचं महत्त्व, सगळं क्रमाने. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "ठावं हाय. पोरीनं सांगितलेलं. होळीला आलेली तवा म्हनली, आये, आमच्या चाळीत लय चांगली मानसं हायत. आपली झोप कोन मोडत नाय."

मी डब्याचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

तर अशी ती ७ सप्टेंबरची बैठक. विषय दोन: फलकाचं काय करायचं आणि खोली नऊचं काय करायचं. पहिला अर्धा तास दोष वाटण्यात गेला. कुणी म्हणालं ठेकेदाराने चौकशी करायला हवी होती. कुणी म्हणालं बसवाल्याने उतरून बघायचं. मालक म्हणाले, डासांचं पंचायतीने बघायला हवं, माझ्या खोल्या स्वच्छ आहेत. मग खोली अकराचे, जरा मस्करी करायची सवय असलेले, आठच्या भाभीला म्हणाले, "भाभी, तुमको मालूम था तो ज़ोर से बोलने का ना!"

भाभी पदर डोक्यावर घेऊन शेवटच्या पायरीवर बसली होती. ती उभी राहिली नाही. बसूनच म्हणाली, "ज़ोर से बोली थी, भैया. तब आप लोगों ने चुप कराया."

त्यानंतर कुणी दोष वाटला नाही. मंडपाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं आणि सगळे तिकडेच बघत होते. माझे मिस्टर उठले, खांबापाशी गेले, खिशातला पक्कड-पाना काढून फलक उतरवला आणि पत्र्याची अक्षरांची बाजू जमिनीकडे करून ठेवला. ठराव मी लिहायच्या आत झाला.

मग मी कामाला लागले. दुसरं मला काय येतं? रोज संध्याकाळी बसच्या वेळेला एका घराने सगळ्या दारांवरून फिरायचं, टॉवेल असो वा नसो, हाक मारायची. पाणी सगळ्यांचं भरायचं, पिंप घासलेलं असो वा नसो. एकट्या राहणाऱ्यांच्या घरच्यांचे फोन नंबर माझ्याकडे आणि आणखी एका घरी. हे सगळं त्याच आठवड्यात सुरू झालं आणि चालू आहे. टॉवेल अजूनही टाकतात लोक, झोप लागतेच. पण आता कुणी ना कुणी दार वाजवतं. आतून शिवी येते. शिवी आली की पुढच्या दाराकडे जायचं. मावशी न विचारता परत गल्लीत आत येऊ लागली, पूर्वीसारखी ओरडत, आणि तिला कुणी हळू म्हणत नाही. माझ्या मिस्टरांची नाईट असते, ते उशी कानावर घेतात.

भाभीची मी माफी मागितली. तिच्या दारात जाऊन. ती म्हणाली, "कोई बात नहीं दीदी, आप तो कायदे से चलते हो," आणि चहा ठेवला. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तो चहा मला पूर्ण पिववला नाही.

खोली नऊ मालकांना रिकामी हवी होती. त्या बैठकीतच मी म्हटलं, तिचं सामान मी लावते. भाभी मदतीला आली. एक स्टोव्ह, तीन पातेली, तवा, ताटली-वाटी, कंपनीचे बूट, छत्री, दोन साड्या, तीन ड्रेस, तेलाची बाटली अर्धी, देवाचा एक फोटो, पिंप, आणि एक गोधडी. गोधडी आईने शिवलेली असणार. जुन्या लुगड्यांचे तुकडे, टाके इतके जवळजवळ की बोट फिरवलं तर खडखडीत लागतात. मी ती धुतली, ओट्यावर दोन उन्हं दिली, घडी केली. सगळं माझ्या माळ्यावर आहे. पिंप बाहेर, माझ्या पिंपाशेजारी.

रिक्षावाले दादा तेव्हाच म्हणाले होते, "वहिनी, माझा मेहुणा विक्रमगडला असतो. पुढं जव्हारला जातायेता देऊन येईल." मी म्हटलं, "नको. मी स्वतः जाणार. मला तिला भेटायचंय." सगळ्यांसमोर म्हटलं. आता दुसऱ्या कुणाच्या हाती सामान पाठवलं तर ते कसं दिसेल, हाही विचार त्यात होता, हे मी आज कबूल करते.

पितृपक्ष झाला, मग नवरात्र. दिवाळीला मुलगी येणार होती. मग मिस्टरांची पाळी बदलली. मग एका रविवारी खरंच निघाले, दादांच्या रिक्षात सामान ठेवलं, आणि स्टेशनच्या अलीकडे पेट्रोलपंपावर रिक्षा थांबली तेव्हा मी म्हटलं, "डोकं फार दुखतंय, पुढच्या रविवारी जाऊ." दादांनी वळवली रिक्षा. आरशातही पाहिलं नाही माझ्याकडे.

मी त्या घरात शिरेन. ती खाटेवर असेल किंवा ओटीवर बसलेली असेल. शब्द शोधत शोधत "ताई" म्हणेल, आनंदाने म्हणेल, कारण तिला काहीच माहीत नाही. शनिवारी पाइप कुणी पुढे नेला, भाभीला कुणी गप्प केलं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगितल्याशिवाय सामान देणं मला जमणार नाही, आणि सांगायचं कसं हे अजून सुचलेलं नाही. इतर सगळ्या कामांना मला सुचतं.

काल दुपारी तिच्या आईचा फोन आला. तिच्याकडे फोन नाही, गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती. भात झोडून झालं. पोर आता काठी धरून अंगणापर्यंत येते. मग म्हणाली, "भांडी ऱ्हाऊ द्या, कोनाला लागली तर द्या. ती गोधडी तेवढी, ताई. रातचं लय गार पडतंय आता, आन पोर तीच मागते."

मी म्हटलं, "रविवारी आणते."

आज सोमवार. काल फोन आला तेव्हा रविवारच होता.